लाकडावरच्या खुणा

(मंडळाच्या उन्हाळी हस्तकला प्रदर्शनाच्या बक्षीस समारंभात परीक्षकांनी केलेले भाषण)



मंडळाने मला परीक्षक म्हणून बोलावले याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. हार-तुऱ्यांत बराच वेळ गेला आहे आणि मागच्या रांगेतील मुलांना भाजीचा वास येऊ लागला आहे, तेव्हा प्रास्ताविक न करता सरळ विषयाकडे वळतो.

सकाळी निकालाचा कागद फलकावर लागला तेव्हापासून तीन-चार जणांनी मला वाटेत गाठून एकच प्रश्न विचारला. ती सागवान आणि शिसवीच्या पट्ट्यांची पेटी, जिच्याभोवती काल दिवसभर गर्दी होती, तिला पहिला क्रमांक का नाही? दुसराही नाही, तिसराही नाही. ज्या मुलाने ती बनवली तो समोरच बसला आहे. त्याच्या वडिलांनी तर मला स्पष्टच विचारले की, सर, आमचे काही चुकले का? हा प्रश्न योग्य आहे आणि त्याचे उत्तर चारचौघांत देणे माझे कर्तव्य आहे. परंतु त्यासाठी आधी इतर वस्तूंविषयी बोलावे लागेल.

मी बत्तीस वर्षे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत सुतारकामाचा शिल्प निदेशक होतो. या काळात एक सवय लागली. वस्तू हातात आली की मी तिची पुढची बाजू पाहत नाही, उलटी करून पाहतो. पुढच्या बाजूला पॉलिश असते. खालच्या बाजूला खरे काय ते असते. काल मी सर्व टेबले पालथी घातली तेव्हा स्वयंसेवकांना वाटले की म्हाताऱ्याचे काहीतरी हरवले आहे.

दोघा भावांनी पॅकिंगच्या खोक्यांच्या लाकडातून अभ्यासाचे टेबल केले आहे. टाकाऊ लाकूड वापरले, खर्च फक्त स्क्रू आणि सँडपेपरचा. कल्पना उत्तम. पण टेबल डुगडुगते आणि भावांनी एका पायाखाली पुठ्ठा घातला आहे. दोष पायाच्या लांबीत नाही. आडव्या पट्टीच्या टोकात, म्हणजे लाकडाचे तंतू जिथे उभे कापले जातात त्या बाजूने, स्क्रू पिळला आहे. तिथे स्क्रूची पकड फार कमी असते. केरसुणीच्या काड्यांत खिळा खुपसावा तसे होते. तिथे कुसू काढून भोकात बसवायला हवे होते. ते जमत नसेल तर आतून कोपऱ्यात लाकडी ठोकळा देऊन स्क्रू त्यात आडवे घ्यावेत. दुसरे असे की, वरच्या फळ्या चारही बाजूंनी चौकटीला घट्ट जखडल्या आहेत. आता उन्हाळा आहे. पाऊस लागला की लाकूड फुगेल, आणि ते लांबीत जवळजवळ फुगत नाही, रुंदीत फुगते. त्याला सरकायला जागा नसेल तर ते पीळ घेईल किंवा तडकेल. चौकटीतली स्क्रूची भोके रुंदीच्या दिशेने लांबट करा, एवढे केले तरी पुरे. आणि चौकट जोडल्यावर दोन्ही कर्ण मोजायचे. दोन्ही सारखे भरले तर चौकट काटकोनात. यांच्या टेबलात पाऊण इंचाचा फरक आहे. मी दोनदा मोजला.

असे असूनही या टेबलाला दुसरा क्रमांक दिला आहे, याचे कारण पुढे सांगतो.

पुस्तकांचे कपाट प्लायवूडचे आहे. दिसायला झकास, वर सनमाइका. त्याचा मधला कप्पा चार फूट लांब आणि प्लाय फक्त 12 मिलिमीटरचा. तो रिकामा असतानाच किंचित बाक दाखवतो. वर्षभरात त्याचा झोपाळा होईल. फळीचा ताठपणा जाडीच्या घनाने वाढतो. 12 च्या जागी 18 मिलिमीटरचा प्लाय घेतला तर ताठपणा दीडपट नव्हे, सव्वातीन पटींहून अधिक होतो. आणि पुस्तकांनी भरलेल्या फळीला मधोमध एक उभा आधार दिला तर बाक सोळाव्या हिश्श्यापर्यंत खाली येतो. गणिताचे शिक्षक सभागृहात आहेत, त्यांनी हा हिशेब वर्गात अवश्य करून दाखवावा. मुलांना घन आणि चौथा घात कशासाठी शिकायचा ते एका फळीवर कळेल.

एका ताईंनी पोळपाट केला आहे. आंब्याचे लाकूड, हातकरवतीने गोल कापून कानशीने घासलेला. तीन पाय. मी मुद्दाम फरशीच्या खाचखळग्यावर ठेवून पाहिला, हलला नाही. तीन पायांची वस्तू डुगडुगत नाही, हे आपल्या आज्यांना भूमितीशिवाय ठाऊक होते. एकच तक्रार. पोळपाटाला चकचकीत वार्निश कशाला? लाटण्याखाली त्याचे पापुद्रे निघतील आणि पोळीत जातील. ते घासून काढा. पहिला क्रमांक या पोळपाटाला आहे. कडेची गोलाई चहूकडून सारखी आहे, आणि एवढा हात कानशीवर बसायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे.

आता पेटी.

पेटी मी अर्धा तास हातात धरून बसलो होतो. पाव इंच जाडीच्या सागवानी पट्ट्या, मध्ये शिसवीची काळी पट्टी, झाकण असे बसते की हवा हळूच बाहेर पडते. अकरावीत शिकणाऱ्या मुलाचे हे काम आहे, आणि सौंदर्याचा विचार केला तर या प्रदर्शनात त्याच्या जवळपास काहीही नाही. पण सवयीप्रमाणे मी आतली पट्टी चष्म्याखाली धरली. आत रंधा मारलेला नव्हता. तिथे कापाच्या मूळ खुणा तशाच होत्या आणि त्या वाचता येत होत्या.

गोल पात्याच्या करवतीने कापलेल्या कडेवर कमानीसारख्या बारीक रेघा उमटतात. पात्याचे पुढचे, म्हणजे आपल्याकडचे दात वरून खाली टेबलाकडे येतात आणि लाकूड कापतात. मागचे दात टेबलातून वर येतात. काम नीट चालले असेल तर मागच्या दातांना करायला काही उरत नाही, आणि कमानी बहुतेक एकाच दिशेच्या दिसतात. पेटीच्या पट्टीवर उलट्या दिशेच्या कमानी ठळक होत्या. म्हणजे लाकूड मागच्या दातांवर दाबले जात होते. बाजूची गाईड पट्टी पात्याशी समांतर नव्हती, मागे आत आली होती. दोन ठिकाणी काळपट करपल्याचा डाग आणि त्याशेजारी केसाएवढी पायरी होती. तिथे तो थांबला होता आणि त्याने हात बदलला होता. आणि प्रत्येक पट्टीच्या शेवटच्या दोन इंचांत किंचित खोलगट खाच होती, एकूण एक पट्टीत, त्याच जागी. ते पाहून माझ्या पोटात गोळा आला.

मी मुलाला बोलावून विचारले, 'शेवटचा तुकडा कसा घेतलास?'

तो म्हणाला, 'सर, पलीकडून हात घालून ओढून घेतला. इकडून ढकलायला बोटे मावत नव्हती.'

'कशावर कापलेस?'

'घरच्या टेबलावर. कटर उलटा बसवलाय.'

हे टेबल आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिले असेल. घराचे फर्निचर करायला येणारे मिस्त्री प्लायवूडच्या तुकड्याला चीर पाडून त्याखाली फरशी कापण्याचा चार इंची कटर उलटा आवळतात आणि टेबल करवत तयार करतात. स्वस्त आहे, गोणीत घालून नेता येते, आणि हजारो लोकांची रोजीरोटी त्यावर चालते; त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही. पण हे यंत्र काय आहे ते समजून घ्या. हा कटर हातात धरून दगड-फरशी कापण्यासाठी बनवला आहे, त्याचे मूळ पाते बिनदाती असते. उलटा बसवताना त्याचे आवरण काढावे लागते. मग त्यावर लाकडाचे दातेरी पाते चढते. बटण दाबून अडकवून ठेवलेले असते, त्यामुळे चालू-बंद करायचे ते भिंतीवरच्या बोर्डावरून. हात अडकला तर बोर्ड चार हात लांब.

चार इंची म्हणतात ते पाते 110 मिलिमीटरचे असते. कटर मिनिटाला 12,000 च्या आसपास फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 200. गुणाकार केला तर दातांचा वेग ताशी 250 किलोमीटरच्या जवळ जातो. राजधानी एक्स्प्रेसही एवढ्या वेगाने धावत नाही. काही टोचले म्हणून माणूस हात मागे घेतो, त्याला साधारण सेकंदाचा पाचवा भाग लागतो. तेवढ्यात पात्याचे 40 फेरे होतात. तीस दातांचे पाते असेल तर 1,200 दात त्या जागेवरून जातात. 'माझे लक्ष असते, मी लगेच हात काढेन,' असे जो म्हणतो त्याने हा हिशेब वहीत करून पाहावा.

आणि पाते आपण होऊन बोटाकडे येत नाही. बोट पात्याकडे नेले जाते. लाकूड चिरताना त्यातला ताण मोकळा होतो आणि चिरलेले दोन भाग कधी कधी मागे मिटतात, पात्याला चिमटा बसतो. किंवा गाईड पट्टी वाकडी असली की लाकूड मागच्या दातांवर चढते. मागचे दात वर येत असतात. ते लाकूड उचलतात आणि माणसाच्या दिशेने भिरकावतात. यालाच किकबॅक म्हणतात. लाकूड पोटात बसते हे एक. दुसरे, लाकूड एका क्षणात निघून जाते आणि त्याला ढकलणारा किंवा ओढणारा हात तोल जाऊन पात्यावर पडतो. मुलाच्या पट्टीवरच्या उलट्या कमानी, करपलेला डाग आणि शेवटची खाच, या तिन्ही खुणा त्याच रस्त्यावरच्या आहेत. काम बिघडवणारा दोष आणि बोट तोडणारा दोष एकच होता. त्याचे बोट वाचले ते कौशल्याने नव्हे. पेटीला क्रमांक दिला असता तर उद्या दहा मुले तशीच पट्टी तशाच टेबलावर कापायला बसली असती. भावांच्या टेबलाचा कर्ण चुकला आहे, पण ते हातकरवतीने आणि शिकंजात धरून कापले आहे. वाकडे टेबल सरळ करता येते.

आता हे बोट. पुढच्या रांगेतील लहान मुले मघापासून पाहत आहेत, तेव्हा सांगूनच टाकतो. डाव्या हाताची तर्जनी, पहिल्या पेरापर्यंत. सन 1988. एका वर्कशॉपमध्ये संध्याकाळी खिडकीच्या काचेच्या पट्ट्या कापत होतो. मोठी, चांगली टेबल करवत होती, आवरण होते. पट्टी अरुंद, आवरण आड येते म्हणून मीच ते काढून ठेवले. त्याच दिवशी सकाळी मुलांना आवरणाचा धडा शिकवला होता. शेवटची पट्टी मागे अडकली, मी पात्यावरून हात घालून ती ओढायला गेलो. दुखले नाही. आवाज बदलला एवढेच कळले. भुशात बोटाचा तुकडा शोधण्यात वेळ गेला, आणि कोणीतरी चांगल्या हेतूने तो थेट बर्फात टाकला. डॉक्टरांनी पाहून मान हलवली. आजही थंडीत ठणका मारतो. पटाशी धरताना जिथे बोटाचे टोक लागते तिथे आता काही नाही, म्हणून मी अंगठ्याने धरायला शिकलो; ती माझी पद्धत समजून दोन-तीन विद्यार्थी तशीच पटाशी धरू लागले होते, त्यांना थांबवावे लागले.

आवरण काढणारा मी होतो, मालक नव्हता. 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या 21 व्या कलमाने यंत्राच्या धोकादायक भागांना आवरण सक्तीचे केले होते. परंतु घरातील पडवीत आणि गच्चीवर असा कायदा पोहोचत नाही, तिथे घरातील माणसांनीच तपासनीस व्हावे लागते.

अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाच्या अंदाजानुसार त्या देशात टेबल करवतीमुळे वर्षाला सुमारे 30,000 जखमींवर उपचार करावे लागतात. तिथे स्टीफन गास नावाच्या गृहस्थांनी 1999 मध्ये एक युक्ती शोधली. ते पदार्थविज्ञान शिकलेले, पेशाने पेटंटचे वकील. पात्यात बारीकसा विद्युत संकेत खेळवायचा. शरीर विजेचे वाहक असल्यामुळे त्वचा लागताच तो बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा झपकन पात्यात घुसून त्याला सुमारे 5 मिलिसेकंदांत थांबवतो. प्रात्यक्षिकात ते पात्याला मांसाचे सॉसेज लावतात, त्यावर ओरखडा उठतो. फार मोठी गोष्ट आहे. पण ती यंत्रे महाग आहेत, आपल्या कटरला हे बसत नाही, आणि उडालेले लाकूड तेही थांबवत नाही. म्हणून जे आपल्या हातात आहे त्याचे बोलू.

माझे मत विचाराल तर अठरा वर्षांखालील मुलाने उलट्या कटरच्या टेबलाजवळ उभेही राहू नये. पातळ पट्ट्या हव्या असतील तर लाकडाच्या वखारीत जा, त्यांच्या यंत्रावर चिरून मिळतात, आणि बाकीचे काम रंध्याने करा. मोठ्यांपैकी ज्यांचे पोटच त्यावर आहे त्यांनी निदान पात्यामागे रायव्हिंग नाईफ तरी बसवावा. ही पात्याच्या रेषेत मागे उभी केलेली पट्टी. ती पात्याच्या पत्र्याहून जाड आणि चिरेहून किंचित बारीक हवी. तिच्यामुळे चिरलेले लाकूड मागे मिटत नाही. गाईड पट्टी पात्याशी समांतर आहे का ते पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा. फरक असलाच तर मागे किंचित मोकळी असू द्या, आवळलेली कधीही नको. पाते लाकडाच्या वर एका दाताएवढेच. नुसत्या हाताच्या अंदाजाने लाकूड ढकलायचे नाही. पात्याच्या सरळ रेषेत उभे राहायचे नाही, एका बाजूला राहायचे. पायाने बंद करता येईल असे बटण टेबलालाच बसवून घ्या. पाते बदलताना मात्र प्लग काढलेला आणि तो आपल्या डोळ्यांसमोर.

हातमोजे घालू नका. पालकांना वाटते हातमोजे म्हणजे सुरक्षा. फिरत्या पात्यात मोज्याचा धागा अडकला तर तो सबंध हात ओढून नेतो. तसेच ओढणी, पदर, सैल बाही, बांगड्या, अंगठी. डोळ्यांना चष्मा आणि नाकाला मास्क मात्र हवाच. लाकडाचा भुसा मी आयुष्यभर फुंकरीने उडवला. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 1995 मध्ये लाकडाची धूळ माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातली, हे मला निवृत्त व्हायच्या सुमारास समजले.

दुर्दैवाने बोट तुटलेच तर? जखमेवर स्वच्छ कापड ठेवून जोराने दाबा आणि हात वर धरा. तुटलेला तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घाला, तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. थेट बर्फात नाही, पाण्यात नाही. आणि हातावर शस्त्रक्रिया होते अशा मोठ्या रुग्णालयात ताबडतोब जा. माता-भगिनींनी हे लक्षात ठेवावे, कारण अशा वेळी घरातील पुरुष मंडळी धावपळ फार करतात.

आता पेटीच्या मुलाविषयी. काल संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो होतो. वडिलांनी चहा दिला आणि ते टेबल दाखवले. ते टेबल वडिलांनीच करून दिले होते, मुलाच्या हौसेसाठी, कर्ज काढून नव्हे पण पगारातून वाचवून. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनीच पाना आणला आणि आम्ही दोघांनी कटर खाली उतरवला. मुलगा दारात उभा राहून पाहत होता, तो माझ्यावर नाराज आहे, आणि त्याने नाराज असावे. सुट्टी संपेपर्यंत त्याने दर रविवारी माझ्याकडे यावे असे ठरले आहे. माझ्याकडे बारीक दातांची पाठीची करवत आहे आणि पाव इंची पट्टी हाताने काढण्याचा एक साचा आहे, माझ्या गुरुजींनी दिलेला. त्या साच्यावर तो हीच पेटी पुन्हा करील. पुढच्या वर्षीच्या प्रदर्शनात ती ठेवावी अशी माझी मंडळाला विनंती आहे. परीक्षक मात्र दुसरा नेमा.

शेवटची एक सूचना. मोठ्यांसाठी मी काही ढकलकाठ्या करून आणल्या आहेत. बारा मिलिमीटर प्लायच्या, दीड फूट लांब, टोकाला लाकूड पकडायला खाच. पात्यापासून वीतभर अंतरात हाताऐवजी हिने लाकूड ढकलायचे; कापली गेली तर चार आण्यांचे नुकसान, आता चार आणे चालत नाहीत, पण समजून घ्या. दाराजवळच्या बाकावर चोवीस नग आहेत. ज्यांच्या घरी किंवा ज्यांच्या मिस्त्रींकडे टेबल आहे त्यांनी जाताना एकेक न्यावी. कमी पडल्या तर नमुना ठेवून घ्या, बाकीच्या तशाच कापून काढता येतील. हातकरवतीने.